ड्यूसबुर्गचा लांडशाफ्टपार्क : झोतभट्ट्यांच्या सावलीतले सार्वजनिक उद्यान

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाईन आणि रुहर या नद्यांच्या संगमावर वसलेल्या ड्यूसबुर्ग शहरात सुमारे १८० हेक्टरांचे एक सार्वजनिक उद्यान आहे आणि त्याच्या मधोमध खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या तीन झोतभट्ट्या गंजलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. त्याचे नाव लांडशाफ्टपार्क ड्यूसबुर्ग-नोर्ड. कुंपणाबाहेरून पाहायला ठेवलेली स्मारके असे या भट्ट्यांचे स्वरूप नाही. त्यांच्यावर चढता येते, त्यांच्या पायथ्याशी चित्रपट पाहता येतो, त्यांना हवा पुरवणाऱ्या यंत्रशाळेत संगीत ऐकता येते, आणि यांपैकी काहीच करायचे नसेल तर नुसते हिंडताही येते, त्यासाठी कोणी तिकीट मागत नाही. जुन्या कारखान्यांच्या जागा लोकांना परत देण्याचे जे प्रयत्न मी आजवर पाहिले, त्यांत हे काम मला सर्वांत प्रामाणिक वाटले. वास्तुरचनेत, नगररचनेत किंवा गिरण्यांच्या इतिहासात रस असणाऱ्या प्रत्येकाने युरोपच्या प्रवासात एक पूर्ण दिवस यासाठी राखून ठेवावा, अशी माझी शिफारस आहे.

या जागेचा मागचा इतिहास ठाऊक असला की पाहण्यात फरक पडतो. उद्योगपती आउगुस्ट थिसेन यांनी माइडरिख या भागात विसाव्या शतकाच्या आरंभी हा कारखाना उभारला आणि १९०३ मध्ये येथील पहिली भट्टी पेटली. पुढे भट्ट्यांची संख्या पाचवर गेली. आसपासच्या खाणींतून कोळसा, जहाजांनी आणि रेल्वेने येणारे खनिज, आणि शेजारीच कोकची, म्हणजे कोळसा भाजून इंधन बनवण्याची, भट्टी, अशी सगळी सोय असल्यामुळे येथे आठ दशके बीड, म्हणजे भट्टीतून निघणारे कच्चे लोखंड, तयार होत राहिले. ग्राहकाच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या घटकप्रमाणांचे बीड हा कारखाना बनवत असे, म्हणून त्याला रुहर खोऱ्याचे औषधालय म्हटले जाई. शेवटची, पाचव्या क्रमांकाची भट्टी १९७३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी, युरोपात पोलादाचे उत्पादन मागणीपेक्षा फार वाढल्यामुळे उत्पादनावर मर्यादा आल्या आणि १९८५ मध्ये हा कारखाना कायमचा थंडावला. भट्टी जुनी होऊन मोडली म्हणून तो बंद पडला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आज त्या पाचव्या भट्टीवर चढताना तिची यंत्रणा किती धडधाकट अवस्थेत सोडून दिली गेली असेल, हे पायरीपायरीवर जाणवत राहते.

कारखाना पाडायचा, हेच तेव्हाचे सर्वसाधारण मत होते. स्थानिक नागरिकांच्या एका गटाने त्याला विरोध केला, शासनाने जमीन ताब्यात घेतली, आणि १९८९ पासून १९९९ पर्यंत चाललेल्या एम्शर पार्क आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनात या जागेचा समावेश झाला. प्रदर्शन हे नाव थोडे फसवे आहे; कार्ल गान्झर यांच्या नेतृत्वाखाली चाललेला तो एम्शर नदीच्या संपूर्ण खोऱ्याच्या पुनर्रचनेचा दहा वर्षांचा कार्यक्रम होता, आणि त्यात अनेक शहरांतील अनेक प्रकल्प सामावलेले होते. माइडरिखच्या जागेसाठी पाच संघांकडून आराखडे मागवले गेले आणि त्यांतून भूदृश्यरचनाकार पीटर लाट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा निवडला गेला. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

लाट्झ यांच्या आराखड्याचे वैशिष्ट्य असे की त्यांनी संपूर्ण जागेला एकच नवा आकार दिला नाही. कारखान्याने जमिनीवर ज्या रेषा आधीच ओढून ठेवल्या होत्या त्या त्यांनी वाचल्या आणि त्यांचे वेगवेगळे थर मानले. उंच भरावांवरून आणि पुलांवरून जाणारे रेल्वेमार्ग हा सर्वांत वरचा थर; रस्ते आणि पायवाटा हा मधला; झाडाझुडपांचे व लोकांच्या वापराचे पट्टे हा आणखी एक; आणि खोल चरातून वाहणारे पाणी हा सर्वांत खालचा. हे थर आपापल्या चालीने चालतात आणि काही मोजक्या ठिकाणीच जिना, उतार, पूल किंवा एखादी बाग त्यांना एकमेकांशी जोडते. प्रत्यक्ष फिरताना याचा परिणाम असा होतो की आपण रुळांच्या भरावावरून निवांत चालत असताना खाली बागेत बसलेली माणसे दिसतात, पण त्यांच्यापर्यंत जायचा मार्ग लगेच सापडत नाही. पहिल्या तासाभरात यामुळे थोडे गोंधळायला होते. मात्र त्या गोंधळातच जागेची खरी रचना कळते, कारण खनिज वरून येत असे आणि लोखंड खाली निघत असे, या एकाच गोष्टीभोवती पूर्वी सारा कारखाना मांडलेला होता.

मुख्य वास्तूंच्या आवारात शिरल्यावर आधी काउपर चौकात थांबावे. काउपर म्हणजे भट्टीत सोडायची हवा तापवणारे उंच, नळकांड्याच्या आकाराचे मनोरे. त्यांच्या समोरच्या मोकळ्या जागेत लाट्झ यांनी वसंतात बहरणारी झाडे ओळीने लावली आहेत. झाडांची ओळ सरळ, मनोऱ्यांची ओळही सरळ, आणि दोन्हींमध्ये कोणतीही सजावट नाही. बहराच्या दिवसांत येथे फार छायाचित्रे काढली जातात, आणि ते योग्यच आहे. पण पाने गळालेल्या मोसमातही ही जागा तितकीच नेटकी दिसते.

तेथून जवळच पियात्सा मेटालिका नावाचा चौक आहे, आणि संपूर्ण उद्यानातील मला सर्वाधिक भावलेली रचना हीच. कारखान्यात वितळलेले लोखंड ओतण्याच्या खड्ड्यांवर लोखंडाचे जाड पत्रे टाकलेले असत. असे ४९ पत्रे, प्रत्येकी सुमारे सव्वादोन मीटर लांबीरुंदीचे आणि सात-आठ टन वजनाचे, तेथून उचलून येथे सात गुणिले सात अशा चौरसात मांडले आहेत. तप्त रसाने त्यांचे पृष्ठभाग खाल्ले गेले आहेत, कडा झिजल्या आहेत, आणि पावसाने ते अजूनही गंजत आहेत. रचनाकाराने त्यांना रंग दिला नाही, त्यांच्यावर काही कोरले नाही, त्यांची झीज थांबवण्याचा खटाटोप केला नाही. हवेच्या आणि तापाच्या माऱ्याने आधी बदललेली ही वस्तू पुढेही बदलत राहील, एवढेच त्या चौकाने मान्य केले आहे. पूर्वीच्या काळी शहराच्या मध्यावर दगडी फरसबंदीचा चौक असे आणि त्यावरून त्या शहराची ऐपत कळे. लोखंडावर जगलेल्या या वस्तीचा चौक लोखंडाचाच असावा, यात मला फार मोठा न्याय दिसतो. या चौकावर कार्यक्रमही होतात, पण तो रिकामा असतानाच पाहावा.

पाचव्या भट्टीची चढण हा बहुतेकांच्या भेटीचा मुख्य भाग असतो. लोखंडी जिन्यांनी सुमारे ७० मीटर उंचीवरच्या सज्जापर्यंत जाता येते. वाटेत वितळलेले लोखंड बाहेर ओतले जाई त्या ओतशाळेचे छत, भट्टीच्या पोटाभोवती फिरणारी हवेची जाड नळी, कोक आणि खनिज वर ओढून नेणाऱ्या तिरप्या मार्गाचा शेवट, हे सगळे इतक्या जवळून दिसते की शाळेच्या पुस्तकातली झोतभट्टीची आकृती पहिल्यांदा खरी वाटते. जाळीच्या पायऱ्यांतून खालची जमीन दिसते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी हे आधी जाणून घ्यावे. सज्जावरून एका बाजूला उद्यानाची हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला, ऱ्हाईनच्या दिशेने, आजही चालू असलेल्या पोलाद कारखान्यांचा धूर दिसतो. ड्यूसबुर्ग अजूनही युरोपातील पोलादाचे फार मोठे केंद्र आहे. त्यामुळे ज्या उद्योगाचे अवशेष आपण पायाखाली पाहत आहोत तो संपलेला नाही, फक्त या जागेवरून हटला आहे, हे या उंचीवर स्पष्ट होते. माहितीफलकांपेक्षा या दृश्यातून मला अधिक समजले.

पाण्याची व्यवस्था मात्र सहजासहजी नजरेत भरत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. रुहर प्रदेशात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत राहायची. खचणाऱ्या जमिनीत गटारांच्या बंद नळ्या टिकत नाहीत, म्हणून एम्शर नदी आणि तिचे ओढे काँक्रीटच्या सरळ पात्रांत बांधून त्यांतूनच सांडपाणी उघड्यावर वाहू दिले गेले. खाणी बंद झाल्यावर जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे सांडपाणी भूमिगत नेणे शक्य झाले. संपूर्ण एम्शर सांडपाण्यापासून मुक्त व्हायला २०२१ हे वर्ष उजाडले. उद्यानातून वाहणारी जुनी एम्शर हा त्याच व्यवस्थेचा एक तुकडा होता. येथे सांडपाणी जमिनीखालच्या मोठ्या व्यासाच्या नळीत सोडले आणि वरच्या पात्रात फक्त पावसाचे पाणी ठेवले. छपरांवरून येणारे पावसाचे पाणी कारखान्याच्याच जुन्या नळ्यांतून आणि थंड करण्याच्या जुन्या हौदांतून फिरवून या पात्रात आणले जाते, जेणेकरून ते दूषित मातीतून झिरपत खाली जाऊ नये. एका मनोऱ्यावर पवनचक्की बसवली आहे. तिच्या जोरावर पाणी वर उचलून पुन्हा खाली पाडले जाते, आणि त्या पडण्यातून त्याला प्राणवायू मिळतो. पात्राची जुनी सरळ रेघ मात्र लाट्झ यांनी बदलली नाही. तेथे नैसर्गिक वळणांचा ओढा बनवता आला असता आणि तो लोकांना आवडलाही असता. पण तो ओढा खोटा ठरला असता, आणि हा नकार मला फार मोलाचा वाटतो.

मातीच्या बाबतीतही हीच भूमिका आहे. कोकच्या भट्टीमुळे आणि धातुमळीमुळे, म्हणजे लोखंड काढल्यावर उरणाऱ्या टाकाऊ मळामुळे, येथील जमीन अनेक ठिकाणी विषारी झाली होती. सगळी माती उकरून दुसऱ्या कुठल्या गावाच्या हद्दीत नेऊन टाकणे महाग तर होतेच, शिवाय त्यात नैतिक अडचणही होती. म्हणून सर्वांत दूषित माल कारखान्याच्याच जुन्या कोठारांत बंद करून ठेवला, काही भाग झाकले, आणि जेथे दूषितपणा कमी होता तेथे झाडांना आणि जिवाणूंना हळूहळू काम करू दिले. खनिजाची काही कोठारे छताविना मोकळी होती. त्यांच्या जाड काँक्रीट भिंती कापून त्यांत दारे पाडली आणि आत छोट्या छोट्या बागा केल्या. एका कप्प्यात नेचे, दुसऱ्यात कापून आकार दिलेली झुडपे, तिसऱ्यात फुले, आणि वरून जाणाऱ्या लोखंडी पादचारी पुलावरून हे सगळे एकदम पाहता येते. खालून आत शिरल्यावर भिंतींची उंची अंगावर येते आणि वाऱ्याचा आवाज थांबतो.

याशिवाय कोणी न लावता उगवलेले रानही येथे आहे. खनिजाबरोबर दूरदेशांतून आलेली बीजे, राखेच्या आणि धातुमळीच्या निकृष्ट जमिनीत तग धरणारी रोपे आणि बर्च झाडे रुळांच्या मधून वाढली आहेत. माळी त्यांना सरसकट उपटत नाहीत. कुठे काढायचे आणि कुठे वाढू द्यायचे याचा निर्णय जागा पाहून घेतला जातो. नीटनेटक्या हिरवळीची अपेक्षा ठेवून आलेल्यांना हे भाग उजाड वाटू शकतील. त्यांनी थोडा वेळ देऊन तेथील वनस्पतींची विविधता पाहावी.

वापराच्या दृष्टीने पाहिले तर या उद्यानाइतक्या निरनिराळ्या कामांना लावलेला जुना कारखाना क्वचितच सापडेल. वायू साठवण्याची गोल टाकी पाण्याने भरून तेथे डुबकी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी सराव केंद्र केले आहे. टाकीचा व्यास ४५ मीटर आणि पाण्याची खोली १३ मीटर आहे, आणि तळाशी मुद्दाम बुडवलेल्या वस्तूंमधून पाणबुडे फिरतात. खनिजाच्या कोठारांच्या उंच भिंतींवर जर्मन आल्प्स गिर्यारोहण संघाच्या ड्यूसबुर्ग शाखेने प्रस्तरारोहणाचे मार्ग बसवले आहेत. डोंगर नसलेल्या सपाट प्रदेशातील मुलांना चढाई शिकायची तर ती या काँक्रीटवर, ही कल्पना सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आधी विचित्र आणि मग अतिशय शहाणपणाची वाटते. वीजनिर्मितीचे १७० मीटर लांबीचे दालन प्रदर्शने आणि मोठ्या समारंभांसाठी वापरले जाते, हवा फुंकणाऱ्या यंत्रांच्या दालनात नाटक आणि संगीत होते, पहिल्या भट्टीच्या ओतशाळेत उन्हाळ्यात चित्रपट दाखवतात, आणि पूर्वीच्या कार्यालयाच्या इमारतीत तरुणांसाठी वसतिगृह आहे. जोनाथन पार्क या ब्रिटिश कलाकाराने १९९० च्या दशकात आखलेली रंगीत रोषणाई अंधार पडल्यावर भट्ट्यांना उजळवते. ती देखणी आहे आणि तिने हे उद्यान जगभर पोहोचवले. तरीही मला ती उद्यानाच्या बाकीच्या स्वभावाशी थोडी विसंगत वाटते. दिवसा येथे काहीच नटलेले नसते आणि रात्री मात्र सगळे निळे-हिरवे-लाल होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. येथे यंत्रे बोलतात, वनस्पती बोलतात, पाण्याचीही हकीकत कळते. पण भट्टीसमोर उभे राहून आयुष्य काढलेल्या कामगारांचे जगणे त्या मानाने फार कमी दिसते. पाळ्या कशा होत्या, भाजण्याच्या दुखापती किती होत, कारखाना बंद झाल्यावर त्या कुटुंबांचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे जागेवरून आपोआप मिळत नाहीत. मार्गदर्शकासह फेरी घेतली तर काही अंशी मिळतात. ज्या रचनाकाराने झिजलेल्या पत्र्यांना इतका मान दिला, त्याच्या उद्यानात माणसांच्या हातांनाही तेवढीच जागा हवी होती. तिसरी उणीव चढणीची आहे. उद्यानाचा बराचसा भाग सपाट वाटांवरून पाहता येतो, पण सर्वोत्तम दृश्ये जिन्यांच्या टोकाला आहेत आणि गुडघे दुखणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ती मिळत नाहीत.

मराठी वाचकाला येथे गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ही आठवण ओढूनताणून आणलेली नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या आहेत. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. माइडरिखची भट्टी १९८५ मध्ये विझली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी ठरली होती. त्याच सुमारास ड्यूसबुर्गमध्ये लाट्झ यांचा आराखडा निवडला जात होता. २००१ मध्ये नियमातील बदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला, आणि शहराला मिळू शकणारी सलग मोकळी जमीन मनोरे आणि मॉल यांच्यात विरघळून गेली. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, पण ती ज्या आवारात उभी आहे तेथे जाणारा माणूस खरेदीला गेलेला असतो. माइडरिख आणि परळ यांच्या जमिनीच्या किमतींची तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तरीही काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना महापालिकेने आखलेली असताना, त्या कामाशी संबंधित प्रत्येकाने हे उद्यान पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. आधी जागा सुरक्षित करून लोकांना आत येऊ द्यावे, ते ती कशी वापरतात ते पाहावे, आणि मगच नवे बांधकाम ठरवावे, ही येथील कामाची पद्धत कमी खर्चाची आहे आणि आपल्याकडे अगदी शक्य आहे.

भेटीसाठी काही उपयोगी सूचना. ड्यूसबुर्गच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून ९०३ क्रमांकाची ट्राम उद्यानाच्या नावाच्याच थांब्यावर सोडते आणि तेथून थोडे चालावे लागते. प्रवेश मोफत असून उद्यान दिवसरात्र खुले असते. मार्गदर्शकासह फेऱ्या, डुबकीचे आणि चढाईचे सराव यांना शुल्क आहे, आणि पाण्यात उतरण्यासाठी डुबकीचे प्रमाणपत्र लागते. विजेच्या मुख्य स्विचघराच्या जुन्या इमारतीत चौकशीची आणि खाण्यापिण्याची सोय आहे. बूट चांगल्या पकडीचे घालावेत, कारण ओल्या लोखंडी पायऱ्या निसरड्या होतात. रोषणाई पाहायची असेल तर सप्ताहअखेरचा दिवस निवडावा आणि वेळापत्रक आधी तपासावे. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचून आधी पाण्याच्या काठाने आणि कोठारांतल्या बागांतून फिरावे, आणि ऊन उतरल्यावर पाचवी भट्टी चढावी. हाताशी आणखी एक दिवस असेल तर ट्रेनने एसेनला जाऊन त्सोलफेराइनची कोळसा खाण पाहावी. ती २००१ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे आणि तेथील जतन अधिक काटेकोर, अधिक संग्रहालयासारखे आहे. दोन्ही लागोपाठ पाहिल्यास माइडरिख आधी ठेवावे.